पहिली रोडबाईक : उतरल्यावर पळता आलं पाहिजे

ट्रायथलॉनची अंतरं एकाखाली एक लिहून पाहिली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक अंतरात हेच बरोबर दुप्पट. हाफ आयर्नमॅनमध्ये १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर, तर पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८, १८० आणि ४२.२. कुठलाही प्रकार घ्या, एकूण अंतरातला जवळपास चार पंचमांश वाटा सायकलचा असतो आणि वेळेतला साधारण निम्मा. म्हणूनच पोहणं-धावणं बऱ्यापैकी जमू लागलेला माणूस सायकलीच्या दुकानात शिरतो तेव्हा सगळी शर्यत इथेच ठरणार, अशी त्याची खात्री झालेली असते. मग ३५ हजारांची सायकल बघायला गेलेला दीड लाखाच्या सायकलीसमोर उभा राहतो, आणि दोन्हींत नेमका फरक काय हे त्याला कोणी नीट सांगत नाही.

असे नवखे आपल्याकडे आता पुष्कळ आहेत. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी झ्युरिकची आयर्नमॅन पूर्ण केली, तेव्हा हा शब्द घराघरात गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहिली 'आयर्नमॅन ७०.३ गोवा' झाली आणि परदेशी जाण्याचा खर्च न करता हाफ आयर्नमॅन करता येऊ लागली. पुणे, कोल्हापूर, नाशिक, मुंबईत सकाळी साडेपाचला रस्त्यावर उतरणाऱ्यांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, पोलीस आहेत, बँकेतली माणसं आहेत. त्यांतल्या बहुतेकांना बेताच्या पैशांत धड सायकल हवी आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सायकल निवडताना एक गोष्ट मनात पक्की असली की बाकीचे निर्णय सोपे होतात. निव्वळ सायकल शर्यतीत अंतिम रेषा सायकलवरूनच ओलांडायची असते. तिथे पोचताना पाठ मोडून आली, मांड्यांचे गोळे झाले, तरी चालतं. ट्रायथलॉनमध्ये सायकल ठेवून लगेच धावायचं असतं. त्यामुळे ट्रायथलीटची सायकल चांगली की वाईट, हे ती खाली ठेवल्यानंतरच्या पहिल्या दोन किलोमीटरमध्ये कळतं. सायकलवर मिळवलेली तीन मिनिटं ताठलेल्या कमरेपायी धावण्यात दहा मिनिटांनी परत जाऊ शकतात. या एका कसोटीवर पाहिलं तर दुकानात सर्वांत जास्त बोलल्या जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे वजन, कार्बन, गिअरची संख्या, मागे पडतात आणि एरवी कोणी फारशी चर्चा न केलेली गोष्ट पुढे येते. ती म्हणजे माप.

रोडबाईकची मापं साधारणपणे ४८, ५०, ५२, ५४, ५६ अशा सेंटिमीटरच्या आकड्यांत किंवा एस, एम, एल अशा अक्षरांत दिलेली असतात. पूर्वी हा आकडा सीटखालच्या नळीची लांबी सांगायचा. आता नळ्यांचे कोन आणि उतार इतके बदलले आहेत की एका कंपनीची ५४ दुसऱ्या कंपनीच्या ५२ एवढी निघू शकते. म्हणून आकड्यावर न जाता कंपनीच्या तक्त्यात दोन मापं बघावीत, स्टॅक आणि रीच. पॅडल जिथे फिरतात त्या मधल्या बेअरिंगपासून फ्रेमचं पुढचं टोक किती उंच आहे तो स्टॅक, आणि तेच टोक आडवं किती लांब आहे ती रीच. स्टॅक जास्त आणि रीच कमी असेल तर माणूस थोडा सरळ बसतो, तर उलट असेल तर तो वाकतो आणि ताणला जातो. या पहिल्या प्रकारच्या फ्रेमला एन्ड्युरन्स जॉमेट्री म्हणतात. ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या, पस्तिशी-चाळिशीत खेळाकडे वळलेल्या माणसासाठी तीच योग्य. कमरेतून फार वाकून तासन्‌तास पॅडल मारले की मांडी आणि पोट यांच्यातला कोन आवळला जातो, पुढचे स्नायू आखडतात आणि धावायला उभं राहताना पाऊल लांब पडत नाही. सायकलनंतर पाय लाकडासारखे होतात अशी तक्रार नवखे करतात, त्यामागे सरावाचा अभाव असतोच, पण कित्येकदा बसण्याची ही ठेवणही असते.

दुकानात नेमकं तुमचं माप नसेल तर 'सीट खाली करून देतो, बसेल तुम्हाला' असं म्हटलं जातं. सीट खाली केल्याने पाय पोचतात, हात पोचत नाहीत. हँडल जिथे होतं तिथेच राहतं. हँडल धरणारा स्टेम एक-दोन सेंटिमीटर आखूड घालून थोडी दुरुस्ती होते, त्यापलीकडे फ्रेम चुकीची ती चुकीचीच. कमी उंचीच्या माणसांना, आणि त्यामुळे बऱ्याच स्त्रियांना, याचा जास्त त्रास होतो, कारण लहान मापं दुकानात कमी ठेवलेली असतात. अशा वेळी महिना थांबावं, माप मागवून घ्यावं. दोन मापांच्या मधोमध असाल तर बहुतेकांनी लहान माप घ्यावं. लहान फ्रेम वाढवता येते, मोठी आखडता येत नाही.

सीटची उंची घरीच काढता येते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. त्याला ०.८८३ ने गुणलं की मधल्या बेअरिंगच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. पायाचं माप ८० सेंटिमीटर असेल तर सुमारे ७०.६. टूर द फ्रान्स जिंकलेले अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँ यांच्या नावाने हे गणित ओळखलं जातं. हा आकडा सुरुवातीचा समजावा. मग सायकलवर बसून टाच पॅडलवर ठेवायची. पॅडल तळाला असताना गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, म्हणजे चवडा ठेवल्यावर त्यात थोडा वाक उरतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, आणि फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलू लागते. शहरांत बाईक फिट करून देणारे जाणकार आता आहेत. नव्या सायकलीच्या दोन-तीन हजारांच्या एखाद्या वाढीव सुविधेपेक्षा हे पैसे मला कितीतरी अधिक सार्थकी लागलेले वाटतात.

आता वेगाचं बघू, कारण खर्चाचं समर्थन नेहमी वेगाच्या नावाने होतं. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य विरोधक हवा असते. हवेशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरवरून ३० वर जायचं तर वेग दीडपट होतो, पण हवेसाठी लागणारी ताकद तिप्पटीहून जास्त होते. वॉटमध्ये सांगायचं तर मध्यम बांध्याच्या माणसाला २० च्या वेगाला हवेपोटी ४० वॉट लागत असतील तर ३० ला सुमारे १३५ लागतात. हा विरोध मुख्यतः शरीराचा असतो. सायकलचा वाटा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा. म्हणजे कोपरं थोडी वाकवून, खांदे आत घेऊन, डोकं खाली धरून बसणं हे ३० च्या वेगाला वीस-पंचवीस वॉट वाचवू शकतं, आणि त्यासाठी एक पैसा लागत नाही. मात्र त्या स्थितीत तासभर टिकायचं तर सायकल मापाची हवी. पुन्हा तिथेच येतो आपण.

वाकून बसण्याच्या या गणितातूनच एरोबार निघाले. हँडलवर पुढे बसवलेले, कोपरं टेकवायच्या गाद्या असलेले ते दोन दांडे. अमेरिकेतले स्कीइंगचे प्रशिक्षक बून लेनन यांनी ही कल्पना आणली आणि १९८०च्या दशकात ट्रायथलीटांनी ती उचलून धरली. व्यावसायिक सायकलपटू तेव्हा त्याकडे तुच्छतेने बघत होते. २३ जुलै १९८९ रोजी टूर द फ्रान्सच्या शेवटच्या टप्प्यात, व्हर्साय ते पॅरिस अशा २४.५ किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत, लेमाँ यांनी असे बार लावले. ते फ्रान्सच्या लॉराँ फिन्याँ यांच्यापेक्षा ५० सेकंदांनी मागे होते. त्यांनी ती पिछाडी भरून काढून एकूण ८ सेकंदांनी टूर जिंकली. फिन्याँ साध्या हँडलवर, उघड्या डोक्याने, केसांची शेपटी हवेत उडवत चालले होते. ट्रायथलॉनच्या जगातून आलेल्या एका साध्या जोडणीने जगातली सर्वांत मोठी शर्यत फिरवली.

ही हकिगत ऐकून पुष्कळांना थेट ट्रायबाईक घ्यावीशी वाटते. ट्रायबाईकमध्ये सीटची नळी जास्त उभी असते, रोडबाईकच्या ७३ अंशांच्या आसपासच्या कोनाऐवजी ७६ ते ७८ किंवा त्याहूनही जास्त. त्यामुळे माणूस पुढे सरकतो, वाकूनही कमरेचा कोन मोकळा राहतो. रचना उत्तम आहे, पण पहिली सायकल म्हणून ती मी कोणाला सुचवणार नाही. एरोबारवर असताना हात ब्रेकवर नसतात. गिअर बारच्या टोकाला, ब्रेक बाजूच्या हँडलवर. आपल्याकडे सकाळच्या रस्त्यावर मध्येच येणारं कुत्रं, उलट्या बाजूने येणारी दुचाकी, न रंगवलेला गतिरोधक, डांबर उखडलेली कडा, हे सगळं असतं, आणि नवख्याला घोळक्यात चालवायलाही शिकायचं असतं. रोडबाईक या सगळ्याला पुरी पडते. पुढे वर्षभराने, तोल आणि सवय आल्यावर, तिच्यावरच क्लिपचे एरोबार बसवता येतात. वय-गटांच्या बहुतेक ट्रायथलॉनमध्ये पुढच्या सायकलच्या आडोशाने चालायला मनाई असते, दहा-बारा मीटरचं अंतर ठेवावं लागतं, म्हणून तिथे या बारांचा खरा उपयोग होतो. ज्या शर्यतीत आडोशाला परवानगी असते तिथे त्यांच्यावर बंधनं असतात, तेव्हा नियम वाचूनच ते लावावेत.

वजनाबद्दल. दुकानात सायकल एका बोटावर उचलून दाखवतात तो क्षण मोहाचा असतो. साधं गणित करू. ७० किलोचा माणूस, १० किलोची सायकल, ५ टक्के चढ, ५ किलोमीटर लांबी. १८० वॉटची ताकद लावली तर साधारण २२ मिनिटं लागतात. सायकल दोन किलोने हलकी केली तर वाचतात सुमारे ३० सेकंद. एवढा चढ आपल्याकडच्या शर्यतींत क्वचित सलग येतो आणि सपाटीवर हा फरक जाणवतही नाही. दोन किलो कमी करण्यासाठी मात्र कधी कधी सायकलची किंमत दुप्पट होते. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि पुढचा फोर्क कार्बनचा, ही जोडी पहिल्या सायकलीसाठी पुरेपूर आहे. फोर्क कार्बनचा असला तर खडबडीत रस्त्याची थरथर हातांपर्यंत थोडी कमी येते. अनोळखी बनावटीची स्वस्त कार्बन फ्रेम टाळावी, कारण आतला तडा बाहेरून दिसत नाही.

गिअरच्या बाबतीत शिमानो कंपनीची उतरंड माहीत असली की बराच गोंधळ मिटतो. टुर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस. खालून वर जाताना मागच्या चकत्या सातपासून बारापर्यंत वाढतात, गिअर अधिक हलके आणि नेमके पडतात, भाग हलके होतात आणि किंमत चढत जाते. क्लॅरिस आठ चकत्यांचा आहे, सोरा नऊचा. या दोघांपैकी काहीही मिळालं तरी पहिली काही वर्षं निर्धास्त जातात. त्यांची चेन आणि कॅसेट स्वस्त असते आणि गावातला मिस्त्रीही ती बसवू शकतो. चकत्यांच्या संख्येपेक्षा दात मोजा. पुढे ५० आणि ३४ दातांची जोडी, मागे सर्वांत मोठी चकती ३२ किंवा ३४ ची, असं असेल तर घाटात गुडघे वाचतात. ३४ वर ३२ टाकून मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तरी सायकल ताशी ८ किलोमीटरने चढत राहते. मागे २५ किंवा २८ ची चकती असेल तर बोपदेव घाटात किंवा पन्हाळ्याच्या चढावर उभं राहून झुंजावं लागतं आणि त्याची वसुली नंतर धावताना होते. एक गोष्ट मात्र बघाच. गिअर बदलायचा खटका ब्रेकच्या दांड्यातच हवा. शिमानोने १९९०च्या सुमारास ही सोय आणली, त्याआधी गिअरसाठी हात हँडलवरून काढून खालच्या नळीकडे न्यावा लागे. फार स्वस्त किंवा फार जुन्या सायकलीत अजूनही ते खटके तिथे दिसतात.

ब्रेक रिमचे की डिस्कचे, यावर तासन्‌तास वाद चालतात. मला तो पहिल्या सायकलीपुरता दुय्यम वाटतो. पावसात आणि लांब उतारावर डिस्क अधिक विश्वासाचे. रिम ब्रेक हलके, स्वस्त, दुरुस्तीला सोपे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहून पावसाळ्यातही चालवणार असाल तर डिस्ककडे झुकावं, एवढंच.

टायरवर मात्र थांबायला हवं. पैशाच्या मानाने सर्वांत जास्त वेग इथे मिळतो. स्वस्त, जाड रबराच्या टायरऐवजी चांगला टायर घातला तर ताशी ३० च्या वेगाला दहा ते वीस वॉटचा फरक पडू शकतो. लाखभर रुपये जास्त मोजून घेतलेली फ्रेमही नवख्याला एवढं देत नाही. दुकानातून येणाऱ्या बेताच्या सायकलींवर टायरच नेमके सर्वांत साधे असतात. रुंदी २८ मिलिमीटर ठेवावी आणि फ्रेममध्ये तेवढी जागा आहे ना, हे घेण्याआधी बघावं. बऱ्याच जुन्या रिम ब्रेकच्या फ्रेममध्ये २५ च्या पुढे टायर बसत नाही. हवा ठासून भरायची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. १२० पीएसआय भरला की सायकल दगडासारखी कडक होते, खडबडीत डांबरावर उडत राहते आणि त्या उडण्यातच ताकद वाया जाते. ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये सत्तर-पंच्याहत्तर पुरतो. त्यासाठी मीटर असलेला पंप घरी हवा. रस्त्यावरच्या पंपाचं नोझल या ट्यूबच्या बारीक वाल्व्हला बसत नाही.

पैशांचा हिशेब असा. साधारण ३० ते ४० हजारांत सात-आठ गिअरची साधी रोडबाईक येते. डेकॅथलॉनची ट्रायबॅन याच पट्ट्यात अनेकांची पहिली रोडबाईक ठरली. ५० ते ८० हजारांत क्लॅरिस किंवा सोरा, कार्बन फोर्क आणि बऱ्यापैकी चाकं मिळतात. १०५ हवा असेल तर लाखाच्या पुढे जावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुने आकडे कोणी सांगत असेल तर नवा दर विचारून घ्यावा. ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवावा, कारण सायकलीबरोबर बाकीचं काही येत नाही. हेल्मेट, गादीची शॉर्ट, मागचा-पुढचा दिवा, दोन बाटल्यांचे स्टँड, दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, ॲलन की. क्लिपचे पॅडल आणि बूट पहिल्या शर्यतीसाठी नसले तरी चालतात. स्प्रिंट अंतरात धावायचेच बूट घालून साध्या पॅडलवर सायकल चालवली तर बूट बदलायचा वेळही वाचतो.

दहा-बारा हजारांची तफावत पडत असेल तर जुनी सायकल जरूर बघावी. कोविडच्या काळात हौसेने घेतलेल्या आणि नंतर गॅलरीत उभ्या राहिलेल्या कितीतरी चांगल्या सायकली लोकांकडे आहेत. बघायला उजेडात जावं. नळ्या जिथे जोडल्या आहेत तिथे रंगाला बारीक रेघ गेली आहे का, बोटाने फिरवून पाहावं. चाक उचलून फिरवलं की ब्रेकजवळ डुलतं का ते दिसतं. थोडा आउट असेल तर मिस्त्री काढून देतो, पण रिम दबलेली असेल तर ती बदलावी लागते. पॅडलचे दांडे धरून आडवे हलवून पाहावेत, खेळ असेल तर मधलं बेअरिंग गेलं. चेनवर पट्टी ठेवावी. एका पिनेच्या मध्यापासून पुढे चोवीस पिना मोजल्या तर अंतर बरोबर १२ इंच भरलं पाहिजे. सोळांश इंच जास्त भरलं तर चेन बदलायला आली, आठांश भरलं तर कॅसेटही झिजलेली समजावी आणि तेवढी रक्कम कमी करायला सांगावी. सीटचा दांडा सुटतो का, हेही करून बघावं. घाम आणि दमट हवेने तो फ्रेममध्ये पक्का चिकटतो आणि मग सायकल तुमच्या मापाची करताच येत नाही. मुंबई-गोव्याच्या सायकलींत हे जास्त आढळतं. मूळ बिल आणि फ्रेमवरचा क्रमांक जुळतो का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नवी असो वा जुनी, घेण्याआधी अर्धा तास तरी चालवायला मागावी, आणि तेही दुकानासमोरच्या गल्लीत चार फेऱ्या मारून समाधान मानू नये. एखादा चढ, एखादा खराब रस्ता, खालचं हँडल धरून पाच मिनिटं. तळहात बधिर होतात का, मान आखडते का, सीटवर सारखं पुढे-मागे सरकावं लागतं का, हे लक्षात ठेवावं. मग उतरून, जमल्यास, पाच मिनिटं धावून बघावं. दुकानदाराला विचित्र वाटेल, वाटू द्यावं. दोन सायकलींमध्ये निर्णय होत नसेल तर तो बहुधा इथेच होतो.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मागचं चाक काढून-घालून बघावं. चेन सर्वांत लहान चकतीवर आणली की चाक सहज निघतं. शर्यतीत पंक्चर झालं तर ते स्वतःलाच काढायचं असतं, आयत्या वेळी बाहेरच्या कोणाची मदत घेता येत नाही. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं घट्ट आहेत ना, तेही बघून ठेवावं. ती नसतील तर तपासणीतच अडवतात, कारण पडताना उघडी नळी पोटात घुसू शकते. आणि महिनाभर चालवून झाल्यावर सायकल परत दुकानात न्यावी. नव्या केबल तोपर्यंत ताणून सैल होतात, गिअर अडखळू लागतात, चाकांच्या तारा बसायला लागतात. ही पहिली सर्व्हिसिंग बहुतेक ठिकाणी फुकट असते.